म्हशाच्या जत्रेत धरणी हलली नाही

भूपट्टांचा धडा मी आजवर एकाच पद्धतीने शिकवत आलो. टेबलावर दोन वह्या समोरासमोर ठेवायच्या आणि दोन्ही हातांनी एकमेकींवर ढकलायच्या. मधली पानं दुमडतात, वर उचलली जातात आणि हिमालय तयार होतो. दरवर्षी वर्ग खूश होतो आणि दरवर्षी मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

युक्ती माझी नाही. मी शिकलो त्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांची आहे. त्यांनी आठवीत आमच्या बाकावरच्या दोघांना पुढे बोलावलं होतं. एक मी आणि दुसरा माझा दोस्त. मी भारत, तो आशिया. त्याने असा जोर लावला की माझ्या वहीचा पुठ्ठा फाटला. सर म्हणाले, "अरे गाढवा, ढकलतो तो भारत. तू नुसता उभा राहा." वर्ग खो खो हसला. पुढे आमच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या तरी तो मला फोनवर "काय भारत, कुठं पोचलास?" असंच विचारायचा. दहावीनंतर तो शिकला नाही. जागांचे व्यवहार केले, ट्रक घेतले, पुढं पुढं गेला. मी शहापुरात मास्तर झालो. मैत्रीत त्याने फरक पडला नव्हता, निदान माझ्या बाजूने.

माझी थोरली बहीण शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरात एका पाड्यावर दिलेली आहे. तिला आम्ही बाय म्हणतो. भात, नाचणी, चार कोंबड्या आणि एक म्हातारी म्हैस, एवढा तिचा संसार. मी कधीही गेलो की ओटीवर टेकायच्या आत ती पाण्याचा तांब्या पुढे करते. गूळ नंतर, ख्यालीखुशाली नंतर, आधी पाणी. पाड्याच्या विहिरीचं पाणी. गार, आणि दगडाची किंचित चव असलेलं. शहापुरातून दोन तास रखडत आल्यावर ते पाणी प्यायलं की मला माझ्या आईकडे आल्यासारखं वाटायचं. आई गेल्यापासून तर फारच.

त्या विहिरीची मी वर्गात उदाहरण म्हणून टिमकी वाजवायचो. आपला भूपट्ट कधी काळी आफ्रिकेला चिकटलेला होता. तिथून सुटला, मग मादागास्करपासून सुटला, आणि उत्तरेकडे निघाला. वाटेत साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन ताणली, फाटली आणि लाव्हा बाहेर आला. थरावर थर साचले. आपली माहुली, आपला नाणेघाट, सगळा सह्याद्री त्याच थरांचा. काही भेगांत मात्र लाव्हा तिथल्या तिथेच थिजला आणि जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. बायच्या पाड्यामागे अशी एक भिंत आहे. डोंगरातून झिरपणारं पाणी तिला अडून थांबतं, आणि जुन्या लोकांनी बरोबर तिच्या वरच्या अंगाला विहीर खणलेली आहे. त्यांना भूपट्ट माहीत नव्हते, पण पाणी कुठं थांबतं ते माहीत होतं. म्हणून चाळीस घरांना ती विहीर जेठापर्यंत पुरायची.

पाड्याच्या डोंगरापलीकडे, दुसऱ्या गावच्या हद्दीत, दगडाची खदान सुरू झाली. रस्त्यांची कामं जोरात होती, खडी लागत होती. पावसाळाभर ती बंद राहिली आणि कार्तिकात पुन्हा सुरू झाली. त्याच सुमाराला पाड्यावर हादरे बसायला लागले. भांडी खुळखुळायची. खालून गुरगुर आल्यासारखा आवाज यायचा. विहिरीच्या बांधकामात एक चीर दिसली आणि पाणी हातभर खाली गेलं. लोकांनी खदानीविरुद्ध तालुक्याला अर्ज केला. अर्जावर पहिला अंगठा बायचा होता.

मग दोस्त माझ्या घरी आला. चहा पीत म्हणाला, "मास्तर, लोकं घाबरलीत रे. कोण बोलतो खदान, कोण बोलतो भूकंप. कोण बोलतो भातसा धरण फुटणार. गावसभा लावलीय. तू येऊन जरा समजाव ना. तुझ्या बहिणीचाच पाडा हाय, तुझं ऐकतील."

मला बरं वाटलं. आयुष्यभर पोरांना शिकवलं, मोठी माणसं कधी ऐकायला बसली नव्हती. त्याला या गावसभेत एवढा रस का, हे विचारायचं मला सुचलं नाही. पलीकडे पालघरच्या बाजूला भूकंपाचे बारके धक्के बसतात हे पेपरात वाचलेलं होतं. मी मनाशी उत्तर तयार केलं आणि मग गेलो. विहिरीकडे फिरकलो नाही. डोंगरापलीकडे जाऊन पाहणं तर लांबच. मास्तरकीत हा एक रोग असतो. धडा आधी तयार असतो, तपासायचं काही उरत नाही.

सभा समाजमंदिरात, मार्गशीर्षातल्या एका दुपारी झाली. दारातच उपस्थितीचं रजिस्टर होतं. आपल्याकडे सभांची एक रीत आहे. सह्या आधी घेतात, वर काय लिहायचं ते मागाहून ठरतं. कोरं पान, खाली सह्यांची रांग. मीही सही केली. शिपायाने माझ्याकडून नावापुढे हुद्दा लिहून घेतला, आणि मी तो चांगला ठसठशीत लिहिला.

भाषण झकास झालं. भारत हा भूपट्ट आजही दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेला सरकतो, असं मी सांगितलं. टक्कर तिकडे हिमालयात आहे, भूपट्टाची सीमा तिथे आहे, आपण सीमेपासून फार दूर आहोत, तेव्हा मोठ्या भूकंपाची भीती बाळगू नका. पण ढकलाढकलीचा ताण अख्ख्या भूपट्टात पसरतो, आणि आपल्यासारख्या ठिकाणी जुन्या भेगा जराशा घसरल्या की बारके धक्के बसू शकतात. आवाजही येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग मी दोन वह्या मागितल्या. दोस्त स्वतःहून उठून पुढे आला, टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "या येळला मी जागेवरच उभा राहतो हां सर." आम्ही वह्या ढकलल्या. लोकं हसली, टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर सगळं घेत होतं.

एका म्हाताऱ्याने धरणाचं विचारलं. भातसानगरला त्याचा मुलगा कामाला होता. मी त्याला धीर दिला. मग बायकांच्या बाजूने एक हात वर आला. बायचा होता. तिने पदर सारखा केला, उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्ये हादरं जेवणं झाल्यावरच का बसतात? सकाळचं कवा नाय बसत. रातचं बी नाय."

या प्रश्नाचं उत्तर मी गेले कित्येक महिने देतोय, पण तेव्हा मी काय म्हणालो ते सांगितलंच पाहिजे. मी म्हणालो, "बाय, पृथ्वीला घड्याळ नसतं. तू दुपारी आडवी होतेस ना, म्हणून तुला दुपारचे कळतात." सभा हसली. सगळ्यात मोठ्याने दोस्त हसला. बाय खाली बसली. त्या दिवशी परत निघताना तिने मला नेहमीसारखं पाणी दिलं, गूळ दिला, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं तिला पटलं.

पुढे दोन महिने मी गेलो नाही. परीक्षा, पेपर, कारणं भरपूर असतात. माघात गेलो तेव्हा बाय स्वयंपाकघरात टोपलीपाशी उकिडवी बसली होती. तिने पौषात कोंबडी रवणाला, अंड्यांवर, बसवली होती. अंडी टोपलीत, भाताच्या तुसावर, आणि त्यांच्यात लोखंडी खिळा. वीज कडाडली तर अंडी नासतात, म्हणून आमच्याकडे खिळा ठेवतात. आईही ठेवायची. एकवीस दिवस झाले होते आणि एकच पिल्लू निघालं होतं. बाकीची अंडी ती एकेक करून कानाशी हलवत होती आणि बाजूला ठेवत होती.

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. त्यात नवल नव्हतं. कोंबडी बसवली की दिवसाला एक रेघ ओढायची, एकवीस झाल्या की टोपली बघायची, ही आमच्या घरातली रीतच. पण या वेळी रेघांखाली टिंबं होती. कुठे एक, कुठे दोन.

"ही काय गो?" मी विचारलं.

"हादरा बसला का टिंब द्यायची. अंडी नासली तर कळाया नको, कशानं नासली?"

मी सवयीने मोजायला लागलो. बऱ्याच रेघांखाली टिंब होतं. पण दर सातवी रेघ मोकळी होती. आणि मधे एका ठिकाणी सलग चार रेघा कोऱ्या होत्या.

"इथं चार दिवस विसरलीस का?"

"नाय. त्या दिवसांत म्हशाची जत्रा होती. आमी पण दोन दिवस गेलतो. शेजारणीला सांगून गेलते, हादरला तर टिंब दे म्हणून. तिची म्हैस व्यायली होती, ती घरीच होती. बोलली, काय सुदिक नाय हाललं."

तिने एवढंच सांगितलं आणि पुन्हा अंड्यांकडे वळली. पौषात म्हशाची जत्रा भरली की मुरबाडकडचं अर्धं जग तिकडे असतं. बैल, घोंगड्या, पाळणे. गवंडी जातात, डंपरचे ड्रायव्हर जातात, खदानीवरची सगळी माणसं जातात. भारताचा भूपट्ट चार दिवस सरकायचा थांबला होता, कारण दुपारचे सुरुंग भरायला माणूस नव्हता.

मी तिथे चुलीसमोर बसलो आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एवढी पुस्तकं, नकाशे, वह्या. आणि ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही तिने कोळशाने जे सिद्ध केलं, तेच तिने मला भरसभेत विचारलं होतं. मी तिला हसण्यावारी नेलं होतं. भूकंप आठवड्याची सुट्टी घेत नाही, हे आठवीतला पोरगाही सांगेल. मी रेघा आणि टिंबं होती तशी वहीत उतरवून घेतली. विहिरीवर गेलो. पाणी उतरल्याने आतली काळी भिंत उघडी पडली होती आणि तिच्यात बोट जाईल अशी ताजी चीर होती. कोट्यवधी वर्षं जिने पाणी अडवलं ती भिंत फुटत होती, आणि पाणी पलीकडे उतरत होतं. अजून थोडं शिल्लक होतं. खदान लगेच थांबली असती तर कदाचित विहीर वाचली असती.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेलो. मला वाटलं होतं, मीच चूक सुधारतोय म्हटल्यावर काम सोपं होईल. कारकुनाने फाइल काढली. पाड्याचा अर्ज फेटाळून झाला होता. त्याला गावसभेचा ठराव जोडलेला होता. "भूगोल विषयातील तज्ज्ञ यांनी प्रात्यक्षिकासह दिलेल्या माहितीनुसार सदर हादरे हे भूपट्टांच्या हालचालीमुळे बसत असून खदानीशी त्यांचा संबंध नाही." खाली सह्यांची रांग. त्यात माझी, ठसठशीत, हुद्द्यासकट. खदानीशी संबंध नाही हे वाक्य मी बोललो नव्हतो. पण पान कोरं असताना मी खाली सही केली होती.

फाइल उलटता उलटता खदानीच्या परवान्याची प्रत दिसली. परवानाधारक म्हणून एका बाईचं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. ती माझी वहिनी, दोस्ताची बायको. त्याच्या लग्नात मी त्याच्या मागे उभा होतो. तिच्या हातचं मी किती वेळा जेवलोय त्याला गणती नाही. पंख्याचा आवाज येत होता आणि कारकून विचारत होता की झेरॉक्स हवी आहे का.

दोस्ताला मी सापगावच्या पुलाजवळ भेटलो. आमची चहाची टपरी ठरलेली होती. मी काही बोलायच्या आत त्याने दोन चहा सांगितले. मी विचारलं, "खदान तुझी आहे?"

"बायकोच्या नावावर हाय."

"मला सांगितलं नाहीस."

तो शांत होता. त्याचाच मला जास्त राग आला. निदान चाचरायला हवं होतं. तो म्हणाला, "सांगलं असतं तर तू बोलला असतास का तसं? नाय ना. तू खोटं बोलतच नायस, मला ठाऊक नाय काय? म्हणून तर तुला बोलावला. तू जे बोललास ते खरं समजून बोललास. लोकांना ते दिसतं."

चाळीस वर्षं त्याने मला जवळून पाहिलं होतं. माझा भाबडेपणा, मोठ्या माणसांनी ऐकावं ही हौस, खोटं न बोलण्याची टिमकी, सगळं त्याला पाठ होतं. परक्याने फसवलं तर निदान म्हणता येतं की तो मला ओळखत नव्हता.

"बायच्या विहिरीला चीर गेलीय," मी म्हणालो.

"बायचं मी बघतो. ती काय माझी बहीण नाय?" त्याने चहाचे पैसे दिले आणि गेला. माझा चहा तसाच होता.

मी लेखी दिलं. माझं मत चुकीचं होतं, ठरावातलं वाक्य माझं नाही, हादऱ्यांचे दिवस असे असे, सोबत तक्ता. कारकुनाने ते वाचलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सर, अर्जात पहिलं नाव तुमच्या बहिणीचं आहे. तेव्हा तुम्ही तज्ज्ञ होता, आता तुम्ही नातेवाईक आहात." तरी त्याने पत्र घेतलं, शिक्का मारला, पोच दिली. पोच माझ्याकडे आहे. पाहणीला माणूस पाठवू म्हणाले. फाल्गुन गेला. मी दर सोमवारी कचेरीत जायचो आणि दर सोमवारी साहेब बाहेर असायचे.

शेवटी मला वाटलं की एकट्याचं पत्र पुरणार नाही. पाड्यावर जाऊन सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, या वेळी आधी मजकूर आणि मग सह्या, आणि बायला सोबत घेऊन साहेबांसमोर उभं करावं. तिने स्वतः सांगावं. मी मागे उभा राहीन. भरसभेत जे तिचं हिरावून घेतलं होतं ते परत देण्याचा मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. चैत्रातल्या एका दुपारी मी मजकूर लिहून घेऊन गेलो. ऊन कडक होतं, गाडी खाली ठेवून शेवटची चढण पायी केली.

पाड्याच्या तोंडाशी एक टँकर उभा होता. निळा, नवाकोरा. बायका हंडे घेऊन रांगेत होत्या. वाटेत पहिल्या घरात मी कागद पुढे केला. घरचा माणूस मला चांगला ओळखतो. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "सर, आता नको. पाणी येतंय ना रोज. उगा कुणाला दुखवायचं?" दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरातल्या म्हातारीने तर दोस्ताच्या पोराबाळांना आशीर्वाद दिला. गावासाठी एवढं कोण करतंय आजच्या काळात, असं ती मला विचारत होती. मी चौथ्या घरी गेलो नाही.

विहिरीवर गेलो. पोहरा काठावर उपडा पडला होता. दोराला दोन ठिकाणी नवा दोर जोडलेला होता, तोही कडक वाळला होता. वाकून पाहिलं. तळाशी ओल होती, पाणी नव्हतं. काळ्या भिंतीतली चीर आता वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसत होती. वर्गात फळ्यावर काढतो तशी.

बायच्या ओटीवर जाऊन बसलो. ती आतून आली आणि नेहमीसारखा तांब्या पुढे केला. मी कागद काढला, तिला समजावून सांगू लागलो. तू चल, तू सांग, भिंतीवरच्या रेघा मी वहीत उतरवल्यात, साहेबाला दाखवू. ती ऐकत होती. मी बोलायचा थांबलो तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. चुलीमागची भिंत शेणामातीने सारवून स्वच्छ केलेली होती. ना रेघा, ना टिंबं.

"पाडव्याला सारावली," ती म्हणाली. "अंगठा म्या आधीच दिलता. पैला माझाच व्हता. तवा तू आमच्या बाजूनं बोलला असतास तर बस झालं असतं."

हे ती रागाने बोलली नाही. दोस्ताने मला फसवलं हे मी तिला तीन वेळा सांगितलं होतं. तिला कुणी फसवलं हे तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. लहानपणी मला कडेवर घेऊन ही ओढ्यापर्यंत जायची, हे मला तेव्हा आठवलं, आणि डोळे भरून आले. मी खाली तांब्याकडे बघत बसलो. पाणी कोमट होतं, आणि त्याला प्लॅस्टिकच्या टाकीचा वास येत होता.

"पी रे," बाय म्हणाली. "उन्हातनं आलास. तुझ्याच दोस्ताचं हाय."

घसा कोरडा पडला होता. मी प्यायलो.